पुस्तकात मोल, डोक्यात केक

इतिहास वाचताना भूक लागली तर त्याचा दोष इतिहासाला देता येत नाही. तह झाला, राजा गेला, सनावळी पाठ करा. यात पोटाला चिथावण्यासारखं फारसं काही नसतं. रसायनशास्त्र मात्र भुकेल्या माणसाची मुद्दाम कळ काढतं. पहिल्या पाठात साखर पाण्यात विरघळते, दुसऱ्यात मिठाचं रेणुवस्तुमान काढायचं असतं, पुढे व्हिनेगरमधलं आम्ल, लोण्यातली चरबी, अंड्यातलं प्रथिन. आणि एवढं सगळं समोर मांडून वर विचारायचं, "लक्ष कुठे आहे?" लक्ष पाठातच आहे, सर. पाठ शिजायला लागलाय, एवढंच.

दिवास्वप्नांची या विषयात परंपराही मोठी आहे. बेंझिन या संयुगातल्या सहा कार्बनांची रचना कशी असावी हे कोडं सुटत नव्हतं, तेव्हा ऑगस्ट केकुले हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ शेकोटीसमोर पेंगत बसला होता. डोळ्यांसमोर अणूंच्या साखळ्या सापांसारख्या वळवळत होत्या आणि त्यातल्या एका सापाने स्वतःचीच शेपटी तोंडात धरली. झालं, बेंझिनचं वलय सापडलं. ही रचना त्याने १८६५ मध्ये मांडली आणि स्वप्नाची गोष्ट १८९० मध्ये बर्लिनच्या सत्कारात सांगितली. खरंच तसं झालं की रंगवून सांगितलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझं म्हणणं वेगळंच आहे. स्वतःची शेपटी तोंडात घालण्याची वेळ येते म्हणजे तो साप चांगलाच भुकेला असणार.

तर दिवास्वप्न पडलं की पुस्तक मिटायचं नाही. स्वप्नाचं बोट धरून पुढे जायचं. खाण्यापिण्याचं जवळजवळ प्रत्येक स्वप्न कुठल्या ना कुठल्या समीकरणापाशी नेऊन सोडतं, हा माझा दावा आहे.

'मोल' हा शब्द दिसला की माझ्या डोक्यात केक फुगायला लागतो. मोल म्हणजे मोजायचं एक माप, डझनासारखं. डझनात १२ नग, मोलमध्ये ६०२ च्या पुढे २१ शून्यं लिहिली की होतात तितके कण. एवढा मोठा आकडा लागतो कारण रेणू अतोनात लहान असतात आणि ते एकेक करून मोजणारा तराजू कुणाकडे नसतो. मोलमुळे वजनावरून संख्या काढता येते. खायच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचा, एक मोल ८४ ग्रॅम भरतो. चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम सोडा मावतो. ५ भागिले ८४, म्हणजे ०.०६ मोलच्या जरा आत.

आता हा सोडा केकमध्ये करतो काय? त्याला आम्ल भेटलं की एका मोल सोड्यातून एक मोल कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. २५ अंश सेल्सिअसला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण साडेचोवीस लिटर जागा घेतो. मग आपल्या एका चमच्यातून किती वायू निघेल? जवळजवळ दीड लिटर! चमचाभर पांढऱ्या भुकटीतून दीड लिटर हवा. ती सगळी केकच्या पिठात अडकत नाही, बरीच वर निसटते. पण जी अडकते ती ओव्हनमध्ये तापून आणखी प्रसरण पावते आणि केकला जाळी पडते.

आम्ल नसेल तर? तरीही सोडा तापला की फुटतो, पण मग दोन मोल सोड्यामागे एकच मोल वायू मिळतो. दीड लिटरचं पाऊण लिटर. शिवाय मागे सोडियम कार्बोनेट उरतं. ते जास्त अल्कधर्मी, चवीला साबणासारखं. ज्याने असा केक खाल्ला आहे त्याला 'अल्कधर्मी' शब्दाची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

याच केकमध्ये मर्यादित अभिकारक लपलेला असतो. परीक्षेत सगळ्यांची दांडी उडवणारा. समजा त्या ५ ग्रॅम सोड्याला मी एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, व्हिनेगर दिलं. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल ५ टक्के, म्हणजे पाऊण ग्रॅम. त्याचं रेणुवस्तुमान ६०, म्हणजे एक मोल ६० ग्रॅमचा, तेव्हा आम्ल झालं ०.०१२५ मोल. सोडा आहे ०.०६ मोल. एकास एक अशी गाठ पडते, त्यामुळे आम्ल कधीच संपून गेलं आणि साधारण ४ ग्रॅम सोडा वाट बघत बसला. आम्ल हा इथला मर्यादित अभिकारक. वायू किती निघणार हे तोच ठरवतो. सोड्याला पुरेल एवढं व्हिनेगर हवं असेल तर ७० ग्रॅमच्या आसपास लागेल आणि मग पीठ पळीने ओतावं लागेल. म्हणून पाककृतीत सोडा इतका कमी असतो. 'चिमूटभर' या मापामागे असा हिशेब उभा आहे.

पुढचं स्वप्न जास्त धोकादायक. त्याला वास असतो. अभिक्रियेचा वेग आणि तापमान यांचा पाठ उघडला की कुठेतरी पाव भाजला जातोय असं वाटायला लागतं. पावाचं कवच तांबूस आणि आतला भाग पांढरा का, हा प्रश्न मी बरेच दिवस बाजूला ठेवला होता. उत्तर ऐकल्यावर मात्र पाठातली निम्मी वाक्यं आपोआप जागेवर बसली.

लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आणि शर्करा एकत्र तापवून पाहिल्या. मिश्रण तपकिरी झालं. त्याला रस होता जीवरसायनात, प्रथिनं कशी बनतात यात. स्वयंपाक त्याच्या मनातही नव्हता. पण भाजलेल्या, तळलेल्या, परतलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाच्या रंगाला आज त्याचं नाव आहे: मायार अभिक्रिया. तिची सुरुवात सरळ आहे. शर्करेच्या टोकाचा कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) आणि अमिनो आम्लाचा अमिनो गट (नायट्रोजनवाला) जुळतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, मग उरलेल्या रेणूत अणूंची फेरमांडणी होते. इथपर्यंत वहीत लिहिता येतं. त्यानंतर वाटा इतक्या फुटतात की एकाच तव्यावर शेकडो वेगवेगळे रेणू तयार होतात. काही वास देतात, काही चव आणि मोठमोठे तपकिरी रेणू रंग. हा सगळा गुंता कागदावर नीट मांडायला १९५३ उजाडावं लागलं. जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्याचा आराखडा दिला. म्हणजे भाकरी-पाव भाजणं हजारो वर्षांचं आणि त्याचा नकाशा शंभर वर्षांचाही नाही.

त्या शेकडोंपैकी एकाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: २-ॲसिटिल-१-पायरोलिन. ताज्या पावाच्या कवचाचा, पॉपकॉर्नचा आणि सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः याचा. पाण्यात दहा अब्ज भागांत एक भाग असला तरी नाकाला कळतो. पुस्तकातले 'अत्यल्प संहती', म्हणजे अगदी कमी प्रमाण, हे शब्द इतके कोरडे वाटतात, पण गल्लीच्या टोकावरून पाव भाजल्याचा वास येतो तो याच अत्यल्प संहतीचा.

मग आतला भाग पांढरा का राहतो? पाण्यामुळे. मायार अभिक्रिया थंडीतही चालू असते, पण इतकी हळू की दिसत नाही. डोळ्यांदेखत रंग चढायला साधारण १४० अंश तापमान लागतं. पावाच्या आत ओल असते आणि जोवर पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर सरकत नाही. मिळालेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल लागतात. बाहेरचा थर सुकतो, म्हणून तो १०० ची हद्द ओलांडतो आणि तांबूस होतो. उकडलेला बटाटा कितीही वेळ उकळत ठेवा, पांढराच राहणार. तोच १७०-१८० अंशांच्या तेलात सोडला की काही मिनिटांत सोनेरी. धुतलेली भाजी पुसून मग तव्यावर टाका असं का सांगतात, त्याचंही कारण हेच. ओली भाजी आधी वाफवली जाते, परतली जाते ती मागाहून.

तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. १०० वरून १४० वर गेलो तर चार वेळा दुप्पट, म्हणजे १६ पट. प्रेशर कुकरही याच नियमावर चालतो: आतला दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि शिजायचा वेळ चौथाईवर येतो. पण कुकरमध्ये १२० अंश असूनही डाळीवर तांबूस कवच येत नाही, कारण तिथे सुकं काही नसतंच. (नुसती साखर तापवून जो कॅरमल होतो तो वेगळा. त्यात नायट्रोजन नसतो, अमिनो आम्ल नसतं, साखरच १६० अंशांच्या पुढे स्वतः मोडत जाते. दोन्ही तपकिरी म्हणून एक समजू नयेत; परीक्षकही समजत नाहीत.)

भाजण्याचं स्वप्न काळं होईपर्यंत लांबवू नये, याला कारण आहे. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ खूप भाजले-तळले की त्यात ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेलं संयुग तयार होतं. ते अस्पॅराजिन या अमिनो आम्लापासून, याच मायार अभिक्रियेच्या वाटेवर बनतं. सोनेरी झालं की उतरवा.

द्रावणांच्या पाठात लोक एक गोष्ट हमखास चुकीची सांगतात: पाण्यात मीठ टाकलं की उत्कलनांक वाढतो, म्हणून शिजायला लवकर. पहिला भाग खरा, दुसरा हिशेबाने पडतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ म्हणजे ०.१७ मोल, मिठाच्या प्रत्येक एककाचे दोन आयन होतात म्हणून ०.३४, त्याला पाण्याच्या ०.५१ या स्थिरांकाने गुणलं की उत्तर येतं ०.१७ अंश. पूर्ण एक अंश वाढवायचा तर ५७ ग्रॅम मीठ लागेल आणि मग पाणी समुद्रापेक्षा दीडपटीहून खारट होईल. मीठ चवीसाठी घालावं, चवीसाठीच घातल्याचं सांगावं.

गोठणांकाच्या बाजूला मात्र मजा आहे, कारण तिथे आइस्क्रीम आहे. अर्धा मोल साखर, म्हणजे १७१ ग्रॅम, एक किलो पाण्यात विरघळली तर गोठणांक ०.९३ अंशाने उतरतो. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. होतं ते पुढे. मिश्रण गोठायला लागलं की बर्फ शुद्ध पाण्याचा बनतो आणि साखर उरलेल्या द्रवात मागे राहते. द्रव आणखी गोड, त्याचा गोठणांक आणखी खाली. मग त्यातलं थोडं पाणी गोठतं, उरलेला द्रव त्याहून गोड. असं करत फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही थोडा घट्ट पाक द्रवच राहतो, बर्फाच्या कणांमध्ये पसरलेला. चमचा आत जातो तो त्याच्यामुळे. त्याच फ्रीझरमधल्या पाण्याच्या बर्फात चमचा घालून पाहा. जुन्या पद्धतीच्या हाताने फिरवायच्या भांड्याभोवती बर्फात मीठ घालतात तेही याच पाठातलं: वजनाने २३ टक्के मीठ असलेलं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. साध्या बर्फाचं तापमान शून्यावर अडलेलं असतं, त्याने आइस्क्रीम गोठणारच नाही.

एस्टरचा, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनणाऱ्या संयुगांचा, पाठ आला की फळांची टोपली समोर येते. आयसोअमिल ॲसिटेटला केळ्याचा वास. इथिल ब्युटिरेटला अननसाचा. ऑक्टिल ॲसिटेटला संत्र्याचा. एस्टर बनवायची कृती १८९५ मध्ये एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी सांगितली: आम्ल आणि अल्कोहोल घ्या, थोडं सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक म्हणून घाला, तापवा; एस्टर आणि पाणी मिळेल. गंमत म्हणजे इथिल ब्युटिरेट ज्यातून बनतं ते ब्युटिरिक आम्ल खवट लोण्यासारखं आणि खरं सांगायचं तर उलटीसारखं घाणेरडं वासतं. त्याला अल्कोहोल जोडलं, पाण्याचा रेणू काढला की अननस. रेणूच्या टोकाचा एक बदल नाकाला किती फरकाचा वाटतो, हे याहून चांगलं कुणी समजावू शकेल असं मला वाटत नाही.

पण ही अभिक्रिया हट्टी आहे. एक मोल ॲसिटिक आम्ल आणि एक मोल इथेनॉल घेतलं तर एक मोल एस्टर मिळत नाही, दोन-तृतीयांशच मिळतं. उरलेलं कितीही थांबलात तरी पुढे जात नाही. कारण एस्टर आणि पाणी एकमेकांना भेटून परत आम्ल आणि अल्कोहोल होत असतात. काही वेळाने पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा वेग सारखा होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं थांबलं. आत दोन्ही कामं जोरात चालू असतात. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक (तयार झालेल्या दोघांचा गुणाकार भागिले उरलेल्या दोघांचा गुणाकार) साधारण ४ आहे आणि ते दोन-तृतीयांश त्यातूनच येतात: दोन-तृतीयांशाचा वर्ग भागिले एक-तृतीयांशाचा वर्ग. करून बघा, ४ येतं.

जास्त एस्टर हवा असेल तर ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं ऐकायचं: समतोलाला डिवचलं की तो डिवचणं कमी होईल अशा बाजूला सरकतो. तयार होणारं पाणी काढून घेत राहा, तो आणखी पाणी बनवायला पुढे सरकेल आणि सोबत एस्टरही. किंवा अल्कोहोल भरपूर घाला. एक मोल आम्लाला दहा मोल अल्कोहोल दिलं तर आम्लाचं ९७ टक्के एस्टर होतं. सल्फ्युरिक आम्लाने मात्र समतोल हलत नाही, तिथे पोहोचायला लागणारा वेळ वाचतो. या एका वाक्यावर दरवर्षी प्रश्न येतो आणि दरवर्षी लोक चुकतात.

एक सावधगिरीची सूचना. केळ्याच्या वासाचा हाच एस्टर मधमाशी डंख मारताना सोडते. बाकीच्या माश्यांना तो 'हल्ला करा' असा संदेश असतो. प्रयोगशाळेत केळ्याचा वास अंगाला लावून घेतला असेल तर त्या दिवशी पोळ्याकडे फिरकू नये. आणि खऱ्या केळ्याशी बरोबरीची आशाही ठेवू नये. त्यात इतर कितीतरी वासाचे रेणू असतात, म्हणून एकट्या एस्टरचं केळं गोळी-चॉकलेटातल्या केळ्यासारखं लागतं.

तिखटाचं स्वप्न एका वाक्यात आटपतं: समान समानात विरघळतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही, त्यामुळे पाणी प्यायलं की जळजळ फक्त तोंडभर फिरते. दुधातली चरबी आणि केसीन हे प्रथिन तिला पकडून नेतात. जीभ भाजल्यासारखी का वाटते? कारण ज्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, ४३ अंशांवरची उष्णता कळते त्याच ग्राहीला कॅप्सेसिन चिकटतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे.

इतकं सगळं तोंडाला पाणी आणणारं असताना प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही हा नियम क्रूर वाटतो. त्यात इतिहास उलट साक्ष देतो. १८७९ च्या सुमारास कॉन्स्टंटिन फालबर्ग प्रयोगशाळेतून हात नीट न धुता जेवायला बसला आणि त्याचा पाव गोड लागला, सॅकरिन सापडलं. १९७६ मध्ये लंडनला शशिकांत फडणीस या संशोधकाला साखरेपासून बनवलेलं क्लोरिनयुक्त संयुग 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितलं होतं. त्यांनी 'चव घ्या' असं ऐकलं आणि घेतली, असं सांगतात. साखरेच्या ६०० पट गोड असलेलं सुक्रालोज तिथून आलं. या गोष्टी वाचून जिभेला धीर येतो, तेव्हा लेड ॲसिटेट आठवावं. तेही गोड असतं आणि शिशाचं विष असतं. जीभ गोड काय ते सांगते. विष ओळखणं तिच्या कामात बसत नाही.

आता उरला अणुरचनेचा पाठ. पुंजांक, कक्षा, इलेक्ट्रॉनची मांडणी. यात खायला काही नाही, म्हणून तो सगळ्यात अवघड जातो असं माझं बरेच दिवस मत होतं. मग कुणीतरी गॅसवर मिठाचं पाणी उकळत ठेवून विसरलं. पाणी उतू गेलं आणि निळी ज्योत भडक पिवळी झाली. मिठातला सोडियम ज्योतीत शिरला, उष्णतेने त्याचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ३एस कक्षेतून ३पी मध्ये चढला आणि उतरताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश टाकून गेला. दुसरा कुठला रंग त्याला टाकता आला नसता, कारण त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ठरलेलं आहे. पाठाचा गाभा एवढाच होता आणि तो शेगडीवर सांडलेला होता. भांड्यात पुढे काय घालायचं होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.